दांड्याचे दोन इंच

६ जाने., मंगळ.
डायनो विकत घ्यायला कॉलेजचे सर आले. ट्रॅक्टरच्या इंजिनची ताकद मोजायचं यांचं लाडकं यंत्र. हे गेल्यापासून शेड आज पहिल्यांदा उघडली. आत तोच ग्रीसचा वास, यांच्या शर्टांना यायचा तो.
सरांनी यंत्राच्या आडव्या दांड्याला वजनं टांगली. काटा बरोबर. उगीच अभिमान वाटला. मग त्यांनी टेप लावली. "बाई, हिशेबात दांडा अठरा इंच धरलाय. हा वीस भरतोय."
जुना वाकला तेव्हा लेथवाल्या दिगंबरकडून नवा करून घेतला होता. दांडा लांबला की काट्यावर जोर कमी पडतो, पण हिशेबात आकडा जुनाच राहिला. तेव्हापासून प्रत्येक ट्रॅक्टरची ताकद दहावा हिस्सा कमी दिसली. जुन्या इंजिनांत दम कमीच, म्हणून कुणाला शंका आली नाही.
सर म्हणाले, दुरुस्त होईल, घेतो. चहा विचारायचा राहिला.

७ जाने.
सकाळपासून एकच नाव. माकणीचे सत्तारभाई मिस्त्री. चारेक वर्षं झाली. चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन त्यांनी नव्यानं बांधलेलं, मालक ते तपासायला आमच्याकडे घेऊन आला. डायनोवर छत्तीस. मालक चारचौघांत म्हणाला, "नवे पिस्टन घातले का बाजारात विकले, मिस्त्री?"
सत्तारभाई यांच्याकडे वळले. "साहेब, इंजन गातंय. कान तर लावा."
"कानानं हॉर्सपॉवर मोजत नाहीत, सत्तार," हे म्हणाले.
रिपोर्ट मी लिहिला. पुढं त्यांच्याकडे कुणी इंजिन नेलं नाही. गॅरेज बंद.
आज कागदावर मांडून पाहिलं. छत्तीस म्हणजे चाळीस. पुरे चाळीस.

९ जाने.
लेकीचा फोन. "आई, बाबा नाहीत आता. कशाला त्यांचं नाव गावभर…" तिचंही खरं.
मिशनच्या शाळेत शनिवारी चॅपलमध्ये ख्रिस्ती मुलींची कन्फेशनला, फादरपुढं पापं कबूल करायला, रांग लागायची. आम्ही हिंदू मुली बाहेर बाकावर बसून हसायचो, या पोरींना सांगायला एवढी पापं मिळतात कुठून.

११ जाने., रवि.
एसटीनं माकणी. सत्तारभाई मेहुण्याच्या पिठाच्या गिरणीवर बसतात. भुवयांवर पीठ. उठून खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं. दांडा, दोन इंच, छत्तीस, चाळीस. त्यांनी गिरणी बंद केली.
म्हणाले, "म्या ते इंजन तीनदा खोललं, भाभी. चूक घावंना. मंग वाटलं, आपलं कानच गेलं. तवापासून पाना हातात धरला न्हाय."
रागावले असते तर बरं झालं असतं.
मग एकच विचारलं. "साहेबांस्नी ठाव हुतं?"
"नाही," मी लगेच म्हटलं.
त्यांचा चेहरा सैल झाला. "मंग न्हाय राग. आपला सायब जाणून तसं करायचा न्हाय." गाडीपर्यंत सोडायला आले. वाटेत एक ट्रॅक्टर गेला तर थांबून ऐकत राहिले.

१३ जाने.
नव्या दांड्याचं माप सरांना लेखी हवं, म्हणून दिगंबरकडे गेले.
"वीसचाच केला हुता, काकू. सायबांनीच सांगितलं, पाइप आडवा येतो म्हणून. मागनं एकदा आले की दांडा घेऊन. म्हनले, दोन इंच कापता येईल का."
"कधी?"
"साल न्हाय ध्यानात. सत्तार मिस्त्री गिरणीवर बसाय लागला हुता तवा. मी म्हटलं, ठिवून जावा. जरा उभं राहिले, अन् दांडा घिऊन माघारी गेले. पुन्हा आलेच न्हाईत."
दिगंबरनं माप लिहून दिलं. मी ते पर्समध्ये ठेवलं, पाणीसुद्धा प्याले. एवढी वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. कुठल्या दिवशी हे तिथून परत आले असतील, आणि मी काय वाढलं असेल?

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ केला नाही.
स्टँडवर गेले. माकणीची गाडी लागली होती. सत्तारभाई रविवारी हसले होते, निघताना. ते हसू मी नकळत खोटं बोलून मिळवलं.
चढले. कंडक्टर म्हणाला, "कुठलं देऊ, मावशी?"
मागं माणसं खोळंबली होती. "माकणी," मी म्हटलं.