मेदानची शेपटी

४ एप्रिल
पक्षी विकणाऱ्या दामरकडून शामा घेतला, गाणारा पक्षी. अस्सल मेदान शहराकडचा, दामरनेच सांगितलं. मेदानचे शामे लांब शेपटीचे, बोर्निओचे आखूड. याची शेपटी चौदा सेंटीमीटर. वाढेल. आईने विचारलं, बाकीची शेपटी मागून येणार आहे का गं? दुर्लक्ष केलं.

७ एप्रिल, सकाळी ६
संकल्प: २९ जूनची गाण्याची स्पर्धा जिंकायची. मी दवाखान्यात कान तपासायची यंत्रं जुळवते; सगळ्या सोलो शहरातल्या पक्षीवाल्यांपेक्षा आवाज मला जास्त कळतो. शामा ऐकून शिकतो. पाच रानपक्ष्यांचे आवाज जोडून रेकॉर्डिंग केलं. रोज सकाळी सहा ते आठ ऐकवायचं.

१९ एप्रिल
दामर सकाळी सातला मोटारसायकलवरून पक्षी बघायला आला. आठवड्यात तिसऱ्यांदा. सोबत कापडाने झाकलेला पिंजरा. म्हणाला, पिल्लू घरी एकटं घाबरतं हो ताई. हळवा माणूस. ताई म्हणतो, पण ते सवयीने.

११ मे
शेपटी चौदा. पट्टी तपासायला हवी.
शामा पाचही आवाज क्रमाने गातो.

२ जून
मे महिन्यात दामर अकरा वेळा आला. पक्ष्यासाठी कोणी इतकं येत नाही. निष्कर्ष लिहीत नाही. नवी ओढणी घेतली. स्पर्धेच्या मैदानात ऊन असतं. आई म्हणते, तो तुझ्याकडे नाही, पिंजऱ्याकडे बघतो. आईला चष्मा बदलायला हवा.

२९ जून, दुपारी ३
दामरचा पिंजरा शेजारीच टांगलेला. त्याने कापड काढलं. पिल्लू कसलं, पुरता वाढलेला शामा. शेपटी अंदाजे चोवीस. तो गायला: माझे पाच आवाज, माझ्याच क्रमाने. तिसऱ्या-चौथ्यामध्ये जोडताना राहिलेली अर्ध्या सेकंदाची फटसुद्धा तशीच.
माझा शामा छाती फुगवून चेंडू झाला. आवाज शून्य. बोर्निओवाले असेच फुगतात, पंच म्हणाले. मागून कोणी ओरडलं, ताई, कोंबडी आणलीत का?
पंचांनी विजेत्याचा झेंडा दामरच्या पिंजऱ्याखाली रोवला. दामर म्हणाला, तुमचे फार उपकार ताई, असा गुरू विकत मिळत नाही. मग होणाऱ्या बायकोशी ओळख करून दिली: या आपल्या पाखराच्या मास्तरीणबाई. करंडक तिच्या हातात होता.
मी अभिनंदन केलं. फटीबद्दल बोलले नाही.

३० जून, सकाळी ८
सात ते आठ ओट्यावर बसले. वाट बघत नव्हते. रस्त्यावरचा आवाज मोजत होते. एकोणीस मोटारसायकली. एकही थांबली नाही.