घाम थांबवणारी गोळी

सोमवार, ३
धुलाईच्या कारखान्यात आज रुजू झाले. माझी मलाच दृष्ट लागेल असं वाटतंय! वाफेच्या इस्त्रीवर बसवलंय. पांढऱ्या चादरी, पांढरे कोट. महिनाभर काम बघणार, मग कायम. कायम झाले की ठमीला आणता येईल. सात वर्षांची लेक माझी, आठ महिने ताईकडे आहे. फोनवर आता पाहुण्यांशी बोलावं तसं बोलते. मुकादमबाईंचा नियम एकच: घामाचा थेंब पडला की कापड परत धुवायला. माझी आज अकरा परत गेली.

गुरुवार, ६
डॉक्टरांनी घाम थांबवणारी गोळी दिली. रिकाम्या पोटी घ्यायची. उष्णतेत काम करायचं नाही, सर्दीची किंवा झोपेची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. काचबिंदू आहे का, विचारलं. आईला होता, मला कशाला असेल? काम काय करता म्हणाले, तर बसून काम आहे असं सांगितलं. खोटं कुठे, स्टूल आहेच की.

सोमवार, १०
घाम नाही. एकही चादर परत आली नाही. हिच्याकडून शिका, असं मुकादमबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. जीभ टाळूला चिकटते, जेवण घशाखाली उतरत नाही. कापडाच्या धुळीने शिंका येतात. शेजारच्या मशीनवरच्या मावशींनी सर्दीची गोळी दिली. त्या सगळ्यांनाच देतात. डबा उघडला की भाजीच्या आधी गोळ्या निघतात. इतक्या मायेने देतात, नाही कसं म्हणायचं?

शुक्रवार, १४
अंग तापलंय, कातडी कोरडी. अक्षरं दोन-दोन दिसतात. सकाळपासून लघवी नाही. झोप लागत नाही म्हटल्यावर मावशींनी त्याचीही गोळी दिली. चादरीवर मुंग्या होत्या, मी झटकत राहिले. मावशी म्हणाल्या, मुंग्या नाहीतच. भीती वाटायला हवी होती. वाटत नाही.

रविवार, १६
ठमी आली. कपाटाजवळ बसलीय. कशी आली ते विचारलं नाही. ताईला फोन करून कळवलं. ताई म्हणाली, अगं ठमी इथे माझ्यासमोर जेवतेय. मग रडायलाच लागली. उद्या तिला घेऊन येते म्हणाली. मी बरं म्हटलं.

सोमवार, १७
कामावर गेले नाही. उभं राहवत नाही. ठमीला थंडी वाजते म्हणून खिडक्या लावल्या —

दुपार
दारावर ताई. आणि एक मुलगी. आई, आई म्हणते — ठमीच्याच आवाजात. रडते.
माझी ठमी म्हणते, उघडू नकोस. ती माझी जागा घेईल.
नाही उघडणार. एवढ्या महिन्यांनी मिळालीय —

ताई दार बडवतेय. मी ठमीला कुशीत घेतलं. हाताला काही लागत नाही — नुसती उशी —
बाहेरची अजून आई म्हणतेय.
कडी काढते — चार कड्या दिसतात — हात पोच