सगळं हिरवं

सोमवार, ४ मार्च
अत्यंत खेदाने नोंदवावं लागतंय की आमच्या ऑफिसात समासाची चाड कोणालाच उरलेली नाही. प्रोग्रामच्या एका ओळीआधी टॅब, दुसरीआधी चार स्पेस. ऱ्हास म्हणतात तो याहून वेगळा नसावा.
साहेबांनी ‘सफाई’ कमांडच्या टेस्ट रिव्ह्यूला, म्हणजे वाचून मंजूर करायला, दिल्यात. आमचं सॉफ्टवेअर म्हणजे प्रोग्रामच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारं कोठार. ही कमांड फोल्डरमधल्या फालतू फाइली उडवणार, ‘ठेवा’ अशी खूण केलेल्या सोडणार. खरंच सोडते का, ते टेस्ट आपोआप चालून बघणार. कमांड गुरुवारी येईल. टेस्ट आमच्याच टीममधल्या मॅडमनी आधीच लिहिल्यात.
साहेब म्हणाले, यानंतर ठरवू, रिव्ह्यू तुमच्याकडे ठेवायचा की मॅडमकडे द्यायचा. गंमत करत असावेत.
संकल्प : प्रत्येक ओळ वाचणे.

मंगळवार, ५ मार्च
प्रत्येक ओळ वाचली. म्हणजे प्रत्येक ओळीचा समास. भरपूर शेरे मारले. घरी आमटीबद्दलही एक मारला. बायको म्हणाली, इथे तुमच्या मंजुरीवाचून अडलेलं नाही, गिळा मुकाट्याने.

बुधवार, ६ मार्च
आज वैचारिक शेरा. मॅडम प्रत्येक टेस्टमध्ये अपेक्षित उत्तर हाताने लिहितात : अमुक फाइल उरली पाहिजे, तमुक गेली पाहिजे. काय ही पुनरुक्ती! पुनरुक्ती काव्यातसुद्धा दोष मानतात. सुचवलं, अपेक्षित उत्तर कमांडकडूनच काढून घ्या, मग ती पुन्हा चालवा आणि दोन्ही ताडून बघा. लिहायच्या केवढ्या ओळी वाचल्या!
मॅडम जागेवर आल्या. म्हणाल्या, अहो सर, पण मग टेस्ट तपासणार काय? मी म्हटलं, लाघव बघा, लाघव. शब्दांच्या काटकसरीला शास्त्रात लाघव म्हणतात. ‘बरं’ म्हणून गेल्या. पटलं असावं.

गुरुवार, ७ मार्च
डोकं जड. दुपारी स्क्रीनसमोर चिंतन करत होतो. साहेब म्हणाले, चिंतन जरा हळू करा, पलीकडे मीटिंग चालू आहे.
कमांड आली. सुधारलेल्या टेस्टही आल्या. सुबक. चालवल्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. हिरवं दिसल्यावर पुन्हा वाचायचं कशाला? मंजूर.

शुक्रवार, ८ मार्च
साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, रिव्ह्यू तुमच्याकडेच. मी नम्रपणे मान खाली घातली. जेवणानंतर ती तशीही खालीच असते.

सोमवार, ११ मार्च
नवी कमांड सगळ्यांना मिळाली. मॅडमनी सर्वांत आधी चालवली, स्वतःच्या फोल्डरात. तिथे त्यांच्या पुढच्या टेस्ट होत्या, ‘ठेवा’ खूण केलेल्या, कोठारात अजून न टाकलेल्या. सगळ्या गेल्या. महिन्याभराचं काम.
कमांड खुणेकडे बघतच नव्हती. टेस्टला कळणार कसं? ती चुकीचं उत्तर त्याच चुकीच्या उत्तराशी ताडत होती. विद्यार्थ्यालाच परीक्षक नेमलं होतं. नेमणूक माझी.
मॅडम साहेबांना म्हणाल्या, टेस्ट मी लिहिल्यात, चूक माझी. मी तोंड उघडेपर्यंत साहेब निघून गेले. तोंड जरा सावकाशच उघडलं.
नंतर मॅडमना विचारलं, तुम्हाला तर खटकलं होतं, मग माझं ऐकलंत कशाला? म्हणाल्या, तुम्ही लाघव म्हणालात ना सर, मला वाटलं, असेल त्यात काहीतरी, आपल्यालाच कळत नसेल.

मंगळवार, १२ मार्च
साहेबांना जाऊन खरं काय ते सांगितलं. म्हणाले, अहो, होतं असं कामात, मनाला लावून घेऊ नका. रिव्ह्यू अजून माझ्याकडेच.
आज एकच टेस्ट वाचायला घेतली. बारा ओळींची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीच.
रिव्ह्यू जाईल याची आता भीती वाटत नाही. कालपासून समजत होतो, मॅडमचा प्रश्न मी तोऱ्यात उडवून लावला. तोरा असता तर बरं होतं. मला तो प्रश्न कळलाच नव्हता. आणि ही बारा ओळींची टेस्टही अजून कळलेली नाही.