तुडतुड्याच्या मादीचे उत्तर

ती. वकीलकाकांस,

ज्या वयात मृत्युपत्राचा विचारही मनात येऊ नये, त्या वयात मी ते लिहिते आहे, आणि तेही तुमच्या कायद्याच्या भाषेत लुडबूड करून. या धारिष्ट्याची आधीच क्षमा मागते. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. बुद्धी स्थिर आहे, कोणाचा दबाव नाही. अक्षर थरथरले आहे, त्याचे कारण कलम तीनमध्ये येईल.

एक. बँकेतील शिल्लक आईला. तिने ती माझी आठवण म्हणून जपून न ठेवता स्वतःच्या मोतीबिंदूवर खर्चावी.

दोन. पुस्तके महाविद्यालयाच्या वाचनालयाला, रिकामे कपाट आत्याला. "किड्यांची लग्नं लावते, स्वतःचं बघायला सवड नाही हिला," असे ती चारचौघांत म्हणाली होती. मी विसरलेले नाही. तरी कपाट बळकट आहे.

तीन. माझे संशोधन तुडतुड्यांवर. नर झाडाचा देठ थरथरवून साद घालतो. ती आपल्याला यंत्राशिवाय ऐकू येत नाही. मादीने उत्तर दिले तर तो पुढे सरकतो, न दिल्यास दुसऱ्या झाडावर उडून जातो. ज्या सादेला उत्तर मिळते तीच पुढच्या पिढ्यांत उतरते, बाकीच्या विरून जातात. यावर मी प्रबंध लिहिला, पारितोषिकही घेतले.

आज दुपारी प्रयोगशाळेतली मैत्रीण भेटायला आली. म्हणाली, "यंत्रदुरुस्तीवाल्यानं बदली मागितलीय."

"मग आमचं साद ऐकायचं यंत्र कोण बघणार? सारखं बिघडतं ते."

"अगं बाई, ते कधीच बिघडलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक आहे. तू सोडून."

तेव्हापासून एकच दृश्य डोळ्यांपुढे आहे. तो मान खाली घालून त्याच तारा काढायचा, त्याच जोडायचा, आणि मी दर वेळी "आभारी आहे" म्हणून पुस्तकात डोके घालायची.

सबब, मादीच्या उत्तराचे माझे पहिले ध्वनिमुद्रण, जे मी अद्याप कोणालाही ऐकवलेले नाही, ते त्याला द्यावे. त्याचा अर्थ त्याला समजावून सांगावा लागणार नाही. ही तरतूद माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजच अमलात यावी, आणि मी शुद्धीवर आले तरी ती रद्द समजू नये.

साक्षीदार: वॉर्डातील परिचारिका, आणि मैत्रीण ("साक्षीदाराला वाटा नाही म्हणे, फुकट राबवतेस," असे बडबडत सही केली).

स्थळ: रुग्णालय, खिडकीकडचा पलंग.

एक प्रत आपणांस. दुसरी, ध्वनिमुद्रणासह, त्याला पाठवली: १४ मार्च २०१९, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे.