लाल झालेल्या बाटल्या

प्रिय धाकटे,

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला तुझा हेवा वाटतो. आजचा नाही, तू रांगत होतीस तेव्हापासूनचा. मी पाढे घडाघडा म्हणून दाखवायचे आणि आई तुझ्या पहिल्या दाताचं कौतुक करत बसायची. तेव्हा जे पोटात दुखायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही.

तू नमुने घ्यायला गेली आहेस त्या धरणावर फोन लागत नाही, म्हणून नमुन्यांच्या रिकाम्या बाटल्या घेऊन निघालेल्या जीपच्या ड्रायव्हरजवळ हे पत्र देते आहे. इकडे सगळं ठीक. साहेबांचा चष्मा पुन्हा हरवला आणि पुन्हा त्यांच्याच डोक्यावर सापडला. बाटल्यांतलं शेवाळ, तुझी हिरवी पिल्लावळ, मजेत आहे. तिला वेळच्या वेळी ताज्या पाण्यात हलवते. जळत असले तरी कामात खोट नाही करायची मी. काल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. एका पेशीचा एवढासा जीव, पण पुढचे दोन केस वल्हवत उजेडाकडे असा निघतो, जणू तिकडे त्याचं पान वाढून ठेवलंय.

पाहताना रागच आला. बावीस वर्षं मी या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत हेच शेवाळ चाचण्यांसाठी वाढवते आहे. बाटली लाल झाली की मेलं म्हणायचं, मोरीत ओतायचं आणि बाटली उकळून घ्यायची. मला तसंच शिकवलं, मी तुला तसंच शिकवलं. आणि तू कालची पोर, नोकरीला चार महिने झाले नाहीत तोच विचारलंस, की ताई, हे खरंच मेलंय का गं? मी तुला वेड्यात काढलं. तू गच्चीवरच्या पक्ष्यांच्या कुंडीतला वाळका तांबडा थर खरवडून आणलास, स्वच्छ पाण्यात घातलास आणि काही दिवसांत पाणी हिरवं! पाणी आटलं की हा पठ्ठ्या केस टाकून देतो, जाड कवच चढवतो, उन्हापासून वाचायला अंगभर लाल रंग भरतो आणि गप्प पडून राहतो. पाणी मिळालं की कवचातच एकाचे अनेक होतात आणि बाहेर पडून पोहत सुटतात. पुस्तकात हे कधीचंच छापलेलं आहे म्हणे. आमच्यापैकी कुणी पान उलटलं नव्हतं, एवढंच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता तेव्हा.

मुख्य कार्यालयाला याचं टिपण गेलं, ते रीतीप्रमाणे ज्येष्ठ म्हणून माझ्या नावाने. मी हरकत घेतली नाही. मग त्यांचं बोलावणं आलं, सगळ्या प्रयोगशाळांच्या लोकांपुढे बोलायचं, तेही माझ्याच नावाने. आठ दिवस मी ते तुझ्यापासून लपवलं. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले. नवे कपडे शिवले, रोज आरशासमोर तालीम केली. भाषण झकास बसलंय, तुला सांगते.

आज सकाळी कार्यालयाला तुझं नाव कळवलं. भाषण परवा अकरा वाजता आहे, तेव्हा याच जीपने परत ये. फार चांगुलपणा समजू नकोस, अजून जळतेच आहे. पण काल भाषण संपवून आरशातल्या बाईकडे पाहिलं आणि मनात आलं, लोक पहिला प्रश्न काय विचारतील? ते जिवंत असेल असं तुम्हाला कशावरून वाटलं? मला नव्हतं वाटलं गं. बावीस वर्षांत एकदाही नाही.

तुझीच, आणि तुझ्यावर जळणारी,
ताई