नारळावरची नजर

१२ एप्रिल, सकाळी
ठरलं. मे महिन्यातल्या जत्रेत माझा सिनेमा! झाडावर बसून चिरूट ओढणारा राक्षस काप्रे एका पोरीच्या प्रेमात पडतो. काप्रे मीच. पोरगी म्हणजे बेकरीतली लुर्देस. कॉम्प्युटर नको, नजरेची फसगत पुरे. मी कॅमेऱ्याजवळ, ती शेताच्या पार त्या टोकाला. पडद्यावर मी ताडमाड आणि ती माझ्या तळहातावर उभी. माझ्या उंचीवर हसणारे गप्प बसतील. सिनेमा दाखवला की त्याच रात्री तिला मागणी.

१५ एप्रिल
घोळ. तिने वर, काप्रेच्या डोळ्यांत बघायचं. ती बघते कॅमेऱ्यात. मी आपल्या बेटांवर सगळे दाखवतात तसं ओठ पुढे काढून 'तिकडे' म्हणून दाखवलं. कॅमेरा धरलेला मावसभाऊ बोयेत म्हणाला (डायरेक्टर म्हणून सगळे मला आता दिरेक म्हणतात), "दिरेक, ओठ कसे दिसणार तिला इतक्या लांबून? हात कर की."
हात कसा करू? हातावर ती उभी आहे.

१६ एप्रिल
उपाय सुचला. डोकं शेवटी माझंच! माडी काढणाऱ्या इस्कोला तिच्याजवळच्या नारळावर चढवलं. ती बघणार इस्कोकडे, पडद्यावर बघणार माझ्याकडे.

१९ एप्रिल
काय ती नजर! बोयेत म्हणतो, ही ॲक्टिंग वाटत नाही. मी म्हटलं, तेच तर. लुर्देस स्वतःहून रीटेक मागते. इस्को तर झाडावरून उतरायला तयार नाही. कष्टाळू पोरगा.

२४ एप्रिल
उन्हात इकडे चालत यायला नको म्हणून दोघं तिकडेच जेवतात. शूटिंगचा वेळ वाचतो. बोयेतला काहीतरी सांगायचं होतं. म्हटलं, पॅकअपनंतर.

५ मे, जत्रा
सिनेमा गाजला! तिची नजर बघून बायका रडल्या. संपल्यावर लुर्देस स्वतःच माझ्याकडे आली. मी नवा शर्ट सारखा केला. ती म्हणाली, "दिरेक, तुम्ही इस्कोला झाडावर चढवलं नसतं तर आमचं जमलंच नसतं. लग्नात आमचे निनोंग व्हाल ना?"
निनोंग. लग्नातला वडीलधारा साक्षीदार. मी तेहेतीस वर्षांचा आहे.
हो म्हटलं. या मानाला कोणी नाही म्हणत नाही.

८ मे
बेकरीत गेलो होतो. लुर्देसने माझा हात घेऊन कपाळाला लावला, म्हाताऱ्यांच्या पाया पडावं तसा. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण हात सोडायची तिने घाई केली नाही, हे खरं.