वाट पाहू नये म्हणून

जानेफळ,
२४ ऑक्टोबर २०२१

प्रिय नीळकंठ,

अनेक आशीर्वाद. पुण्यात तुझी तब्येत बरी असेल. इथे सोयाबीन घरात आलं. ह्यांचा खोकला गेला. शाळा उघडली आहे, पण माझ्या वर्गात निम्मी मुलं येत नाहीत.

श्रद्धा आणि विहंग बरे आहेत. श्रद्धाच्या आता दोन वेण्या येतात. विहंगचा पुढचा दात पडला. सहा महिन्यांत दोघंही इथल्यासारखं बोलू लागली. योगिनी असती तर हसली असती.

सुट्टीत मुलांचं मन कसं सांभाळावं याची सूचना शाळेकडून आली होती. दिनक्रम मोडू नये. सण करावेत. विचारलं तर खरं सांगावं. मी सगळं केलं. योगिनी गेली तेव्हा, आई गेली हेही त्यांना त्याच दिवशी मीच सांगितलं होतं.

भुलाबाई बसवली. गल्लीतल्या मुली येत. गाणी झाली की झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. विहंग सगळ्यांच्या आधी ओरडायचा. पण गाण्यांच्या आधी तो फाटकाशी बसून यायचा. तू दसऱ्याला येणार म्हणाला होतास.

दसऱ्यानंतर त्याने फाटकाशी बसणं सोडलं. मला बरं वाटलं. मी शाळेतही सांगितलं, सणानं मूल सावरतं.

कोजागिरीला शेजारची कोकिळा दूध वाटत होती. तिनं सहज विचारलं, "काऊन रे विहंग, दिवाळीले पप्पा येऊन राह्यले न तुये?"

"नाही. माये पप्पा मेले."

"काय बोलून राह्यला बे! थूक आधी!"

"ताईनं सांगतलं. मम्मीच्या मागून मेले." मग त्यानं पेला पुढे केला. "अजून दे न, काकू. बदाम टाकून."

मी श्रद्धाला आत नेलं. ती घाबरली नाही.

"तो रोज इचारे, आत्या. तू म्हणे, येतील. मंग तो फाटकात बसे."

"पण हे खोटं आहे, बाई."

"आता बसत नाही न."

मी त्याला खरं सांगते म्हटलं.

"सांग. मंग दिवाळीले तूच बस त्याच्यासंग."

नऊ वर्षांची आहे ती.

मी अजून त्याला काही सांगितलेलं नाही. तो शांत झोपतो, पोटभर जेवतो.

तुला दोष देत नाही. आधी गाड्या बंद होत्या, मग लस नव्हती, मग काम निघालं. मुलांना फोन देऊ का विचारलं की तू ठेवून देतोस. श्रद्धाचे डोळे योगिनीचे आहेत, त्याला मी काय करू?

येणार असशील तर राहायला ये, नाहीतर त्यांना घेऊन जायला ये. दोन दिवसांसाठी येऊ नकोस. तेही जमणार नसेल, तर या पत्राला उत्तर पाठवू नकोस. मी समजेन.

तू नसलास तरी दर भाऊबीजेला तुझा पाट मांडून त्यावरच्या सुपारीला ओवाळत आले. यंदा श्रद्धा विहंगला ओवाळेल. तुझा पाट मांडणार नाही. मांडला तर विहंग विचारेल, कोणासाठी.

तुझी,
सुलभाताई